सदोष वस्तूमुळे झालेली इजा आणि भरपाईचा हक्क : पार्श्वभूमी

प्रेशर कुकर फुटला आणि दुकानदाराने बिल पाहून नवा कुकर दिला, तर बहुतेक घरांत प्रकरण तिथेच मिटते. हात भाजलेला असतो, ओट्याची फरशी तडकलेली असते, दवाखान्याचे बिल कुकरच्या किमतीच्या कितीतरी पट झालेले असते. पण त्याचा हिशेब कोणाकडे मागायचा असतो हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तू बदलून मिळणे हा विक्रीच्या व्यवहाराचा भाग झाला. त्या वस्तूने माणसाला केलेल्या इजेची भरपाई हा वेगळा हक्क आहे, आणि भारतीय कायद्यात त्याला स्वतंत्र प्रकरण मिळाले ते २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला. तोपर्यंतचा इतिहास प्रामुख्याने एका प्रश्नाचा आहे : इजा झालेल्या माणसाने नेमके काय सिद्ध करायचे?

या इतिहासाचा भारतातील आरंभ १९३० च्या मालविक्री कायद्यापासून धरावा लागतो. या कायद्याचे कलम १६ सुरुवातच नकाराने करते. मालाच्या दर्जाबद्दल विक्रेत्याची कोणतीही गर्भित, म्हणजे न सांगता गृहीत धरलेली, हमी नसते, असे सांगून मग ते अपवाद देते : ग्राहकाने आपली गरज सांगितली आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर माल त्या गरजेला योग्य असला पाहिजे, आणि त्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला, तर तो बाजारात खपण्याजोगा असला पाहिजे. अपवाद उपयोगी होते, परंतु ते कराराच्या चौकटीत होते. माल ज्याने विकत घेतला त्यालाच दाद मागता येई, आणि तीही ज्याने विकला त्याच्याच विरुद्ध. नवऱ्याने आणलेल्या स्टोव्हचा भडका उडून बायको भाजली, तर दुकानदाराशी तिचा करार नव्हता आणि कारखानदाराशी तर दोघांपैकी कोणाचाच नव्हता.

कराराची ही भिंत इंग्लंडमध्ये १८४२ पासून पक्की मानली जात होती. तिला मोठे खिंडार पडले ते स्कॉटलंडमधील एका उपाहारगृहातील बाटलीमुळे. २६ ऑगस्ट १९२८ रोजी पेस्ली या गावी मे डोनाह्यू या महिलेच्या मैत्रिणीने तिच्यासाठी जिंजर बिअर मागवली. बाटली गडद काचेची होती. निम्मे पेय पिऊन झाल्यावर उरलेले ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर आली आणि त्यामुळे आपण आजारी पडलो, असे तिचे म्हणणे होते. पैसे मैत्रिणीने दिलेले असल्याने करारावर आधारलेला दावा तिला करता येत नव्हता. म्हणून तिने थेट पेय बनवणाऱ्यावर दावा लावला. १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन अशा मताधिक्याने तो दावा चालू शकतो असे ठरवले, आणि जी वस्तू मध्ये कोणी तपासण्याची शक्यता नसताना थेट ग्राहकाच्या हाती पडते तिच्याबाबत उत्पादकाने वाजवी काळजी घेतली पाहिजे, हे तत्त्व लॉर्ड अॅटकिन यांच्या निकालपत्रातून रूढ झाले. पुढे प्रकरण आपसात मिटले. त्या बाटलीत गोगलगाय खरोखर होती की नाही, याची शहानिशा कोणत्याच न्यायालयात झाली नाही.

भारतीय न्यायालयांनी हे तत्त्व स्वीकारले, पण सदोष वस्तूंबाबत त्याचा वापर फार क्वचित झाला. दिवाणी दाव्यात मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी आधी भरावी लागते, निकालाला वर्षानुवर्षे लागतात, आणि कारखान्यात निष्काळजीपणा झाला हे तो कारखाना कधी न पाहिलेल्या माणसाने सिद्ध करायचे असते. ही शेवटची अडचण सर्वांत अवघड होती. बाहेरच्या देशांत ती वेगळ्या वाटेने सोडवली गेली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये, पत्नीने भेट दिलेल्या लाकूडकामाच्या यंत्रातून उडालेला तुकडा कपाळावर बसून जखमी झालेल्या गृहस्थाच्या खटल्यात, न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांच्या लेखणीतून स्पष्ट सांगितले की वस्तू सदोष होती आणि त्या दोषाने इजा झाली एवढे पुरे. उत्पादकाचा निष्काळजीपणा दाखवण्याची गरज नाही. युरोपात गरोदर स्त्रियांना दिलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने हजारो बालके व्यंग घेऊन जन्माला आली, त्यानंतरच्या दीर्घ वादातून १९८५ चा, सदस्य देशांना लागू असलेला युरोपीय निर्देश आला आणि त्यानेही दोष दाखवणे पुरेसे मानले.

महाराष्ट्राला या विषयाचे भान ज्या घटनेने आणून दिले ती १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात घडली. रुग्णांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे विषारी रसायन होते. चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने पुरवठादारापासून औषध प्रशासनापर्यंत आणि पुढे मंत्रालयापर्यंतची साखळी उघडी केली. त्या अहवालाची चर्चा झाली ती भ्रष्टाचाराच्या अंगाने, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु दोषी कोण हे ठरवणारी यंत्रणा आणि मृताच्या कुटुंबाला पैसे मिळवून देणारी यंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि औषध कायद्याचा भर पहिलीवर, म्हणजे परवाना व शिक्षेवर होता. भेसळयुक्त किंवा बनावट औषधाबद्दल वसूल झालेला दंड बाधित व्यक्तीला किंवा तिच्या कुटुंबाला भरपाई म्हणून द्यावा, ही तरतूद त्या कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आली. त्याच रसायनाने २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागातील लहान मुलांचे बळी घेतले. खोकल्याचे औषध घेतलेल्या त्या मुलांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते.

ग्राहक चळवळ १९८६ पर्यंत चांगली उभी राहिली होती. १९६६ मध्ये मुंबईत काही महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी सुरू केली होती, १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम आरंभले आणि पाठोपाठ मुंबई ग्राहक पंचायत आली. २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यामागे अशा संघटनांचा रेटा होता. या कायद्याने दोन अडथळे खरोखर दूर केले. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक ठरला, त्यामुळे स्टोव्हने भाजलेल्या बायकोला स्वतःच्या नावाने तक्रार करता येऊ लागली; आणि दाद दिवाणी न्यायालयाबाहेर, जिल्हा ग्राहक मंचासमोर, वकिलाशिवायही मागता येऊ लागली.

निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा तिसरा अडथळा मात्र शिल्लक राहिला. वस्तू दुरुस्त करून देणे, बदलून देणे किंवा किंमत परत करणे यासाठी दोष दाखवणे पुरेसे होते. परंतु कलम १४ मधील भरपाईची तरतूद विरुद्ध पक्षाच्या ‘निष्काळजीपणामुळे’ झालेल्या हानीपुरती लिहिलेली होती. म्हणजे कुकर परत मिळण्यासाठी एक मोजमाप आणि भाजलेल्या हातासाठी त्याहून कठोर दुसरे. अनेक मंचांनी उदार अर्थ लावून मार्ग काढला, तरी कंपनीच्या वकिलाला कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवण्याची सोय राहिलीच.

पुराव्याची दुसरी गाठ प्रयोगशाळेची होती. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर मंचाने नमुना घ्यावा, तो सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि ४५ दिवसांत अहवाल मागवावा, अशी पद्धत कायद्यात होती, आणि नव्या कायद्यातही ती तशीच आहे. तिच्यातील उणीव शेतकऱ्यांच्या तक्रारींत लख्ख दिसली. बियाणे उगवले नाही म्हणून शेतकरी मंचाकडे जाई आणि कंपनी म्हणे, बियाणे प्रयोगशाळेत तपासलेले नाही, सबब तक्रार फेटाळावी. पण पेरलेले बियाणे तपासायला आणायचे कुठून? राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये या युक्तिवादाची वासलात लावली : शेतकरी विकत घेतलेले सगळे बियाणे पेरतो, त्यातले थोडे भविष्यातील खटल्यासाठी बांधून ठेवील अशी अपेक्षा करता येत नाही; त्या लॉटचा नमुना हवाच असेल तर तो कंपनीकडून मागवता येतो. आपल्याकडे कृषी अधिकाऱ्यांच्या समितीने शेतात येऊन केलेला पंचनामा अशा तक्रारींत कळीचा पुरावा ठरतो, आणि २०२० च्या खरिपात मराठवाड्यात व विदर्भात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला तेव्हा पंचनाम्यांसाठीच धावपळ झाली होती.

कायद्यातील पोकळी सर्वांत ठळकपणे दाखवली ती कृत्रिम खुब्याच्या सांध्याने. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या उपकंपनीने बनवलेला ‘एएसआर’ हा धातूवर धातू घासणारा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत घेण्यात आला; त्यातून झिजून सुटणारे कोबाल्ट व क्रोमियम रुग्णांच्या शरीरात उतरत होते आणि अनेकांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत होती. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांमध्ये हा सांधा बसवलेला होता. अमेरिकेतील रुग्णांशी कंपनीने २०१३ मध्ये सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली, कारण तेथे उत्पादन दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या इजेच्या जबाबदारीचा, कायदा रुळलेला होता आणि हजारो दावे उभे होते. इथे केंद्र सरकारला २०१७ मध्ये आधी तज्ज्ञ समिती नेमावी लागली. समितीने किमान २० लाख रुपयांची शिफारस केली, मग वय आणि अपंगत्वाचे प्रमाण धरून सूत्र तयार झाले आणि २०१८ च्या अखेरीस ३० लाखांपासून सव्वा कोटीच्या आसपासपर्यंतचे आकडे ठरले. कंपनी हे सूत्र मान्य न करता दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि २०१९ मध्ये पडताळणी झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख देण्याची तयारी तिने तिथे दाखवली. वस्तू तीच, इजाही तीच. फरक होता तो दाद मागण्याच्या सोयीचा.

२०१९ च्या कायद्याचे सहावे प्रकरण, म्हणजे कलमे ८२ ते ८७, या पार्श्वभूमीवर वाचावे लागते. उत्पादकाला जबाबदार धरण्याची पाच कारणे त्यात दिली आहेत : निर्मितीतील दोष, रचनेतील दोष, ठरलेल्या निर्मिती-निकषांपासून ढळणे, उघड दिलेल्या हमीशी न जुळणे, आणि योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा धोक्याचे इशारे न देणे. यांपैकी एकही कारण निष्काळजीपणा सिद्ध करण्याची अट घालत नाही. हमीच्या बाबतीत तर, ती देताना आपण निष्काळजीपणा किंवा लबाडी केली नव्हती हे उत्पादकाने दाखवले तरी त्याची सुटका नाही, असे कायदा मुद्दाम सांगतो. असेच वाक्य उरलेल्या चारही कारणांपुढे लिहिले असते, तर पुढचे बरेच वाद टळले असते असे वाटते.

दुकानदार एरवी सुटतो. पण त्याने वस्तूत फेरफार केला असेल, स्वतंत्र हमी दिली असेल, जोडणी वा तपासणी करताना वाजवी काळजी घेतली नसेल किंवा उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर जबाबदारी त्याच्यावर येते. पाण्यात सोडायच्या हीटरच्या सळया, चार्जर, दिव्यांच्या माळा असा विनानावाचा माल रस्तोरस्ती विकला जातो तिथे या शेवटच्या तरतुदीला फार अर्थ आहे, अर्थात विक्रेत्याने बिल दिले असेल तर.

‘हानी’ची व्याख्याही नीट पाहण्यासारखी आहे. शारीरिक इजा, आजार, मृत्यू, इतर मालमत्तेचे नुकसान आणि त्यासोबतचा मनस्ताप तिच्यात येतो. मूळ वस्तूचे स्वतःचे नुकसान आणि निव्वळ आर्थिक तोटा येत नाही. त्यामुळे न उगवलेल्या बियाण्याची तक्रार या प्रकरणात बसवणे अवघड असून ती सदोष मालाच्या नेहमीच्या वाटेनेच न्यावी लागते. तसेच ही सारी व्यवस्था ग्राहकाभोवती बांधलेली असल्याने, दुसऱ्याच्या गाडीचा सदोष टायर फुटून जखमी झालेल्या वाटसरूला तिच्यात सहज जागा मिळत नाही. उलट बाजूला, वस्तूचा गैरवापर, तिच्यात केलेला बदल आणि सर्वांना ठाऊक असलेला धोका हे बचाव कायद्याने दिलेले आहेत.

न्यायालयाचा कल कोणीकडे आहे, हे एप्रिल २०२२ मधील ह्युंदाई क्रेटाच्या निकालाने दाखवले. प्रकरण जुन्या कायद्याखालचे होते. २०१५ मध्ये घेतलेल्या गाडीला २०१७ मध्ये अपघात झाला आणि समोरच्या एअरबॅग उघडल्या नाहीत. धडक पुरेशा जोराची नव्हती, असा कंपनीचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वेग आणि बल यांचे गणित मांडून धडकेचा जोर ठरवणारा भौतिकशास्त्रज्ञ असण्याची अपेक्षा ग्राहकाकडून करता येत नाही. घटनाच दोष सांगते. तीन लाखांची भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला, आणि अशा त्रुटीसाठी दंडात्मक भरपाईही होऊ शकते असे न्यायालयाने नमूद केले. त्याच वर्षी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मानांकन नसलेले प्रेशर कुकर विकल्याबद्दल अॅमेझॉन व फ्लिपकार्टला प्रत्येकी एक लाखाचा दंड केला आणि अनुक्रमे २,२६५ व ५९८ कुकर परत घेऊन पैसे चुकते करण्यास सांगितले. ती कारवाई इजा होण्याआधीची. झालेल्या इजेची भरपाई प्राधिकरणाकडून मिळत नाही, तिच्यासाठी ग्राहक आयोगाकडेच (नव्या कायद्यात मंचांना आयोग म्हणतात) जावे लागते.

कोणत्या आयोगाकडे, हे पूर्वी वस्तूची किंमत आणि मागितलेली भरपाई यांच्या बेरजेवर ठरे. आता वस्तूसाठी प्रत्यक्ष मोजलेली किंमतच धरतात आणि २०२१ च्या नियमांनुसार ५० लाखांपर्यंतच्या वस्तूंच्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे जातात. स्वस्त चार्जरने घर जळालेल्या माणसाच्या दृष्टीने हे सोयीचेच आहे, कारण पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी लागत नाही आणि तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. पण मोटारीला आग लागून पती गमावलेल्या एका महिलेची मागणी ५० कोटींहून अधिक होती, आणि गाडीच्या किमतीमुळे तिला जिल्हा आयोगापुढेच उभे राहावे लागले. या तरतुदीला तिने दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल २०२५ रोजी फेटाळले. मोजलेल्या किमतीवरून आयोग ठरवणे घटनेशी विसंगत नाही असे ठरवताना न्यायालयाने, या कायद्याची अंमलबजावणी कशी चालली आहे याचा आढावा घेऊन सरकारला सल्ला देण्याचे काम केंद्रीय ग्राहक संरक्षण परिषद व प्राधिकरण यांच्यावर सोपवले.