पार्श्वभूमी : महापालिकेने अडवलेला ऑपेरा

जुलै १९६७ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या महापालिकेने एक हुकूम काढला. शहराच्या ऑपेरागृहात, म्हणजे तेआत्रो कोलोनमध्ये, ऑगस्टात लागणार असलेला, अर्जेंटिनी संगीतकार अल्बेर्तो जिनास्तेराचा ‘बोमार्झो’ हा ऑपेरा कार्यक्रमपत्रिकेतून उडवण्यात आला. कथानकात आणि सादरीकरणात लैंगिकता, हिंसा आणि भ्रम यांचा सारखा उल्लेख आहे आणि सार्वजनिक नीतिमत्तेला तो बाधक आहे, असे कारण त्यात दिले होते. तोवर हा ऑपेरा जगात एकाच शहरात उभा राहिला होता : वॉशिंग्टनमध्ये, १९ मे १९६७ पासून. ब्यूनोस आयर्सच्या रसिकाने त्याचा पडदा उघडलेला पाहिलाच नव्हता.

त्याच्या संगीतकाराबद्दल लिहायला बसले की पहिली अडचण आडनावाची येते. स्पॅनिश उच्चाराने ते ‘हिनास्तेरा’. पण वडिलांकडून घराणे कातालान, आणि उत्तरायुष्यात त्याने स्वतःच कातालान वळणाचा ‘ज’ पसंत केला. देवनागरीत दोन्ही सरळ लिहिता येतात, म्हणून निवड करावीच लागते. इथे त्याच्या पसंतीप्रमाणे अल्बेर्तो जिनास्तेरा लिहिले आहे.

जन्म ११ एप्रिल १९१६, ब्यूनोस आयर्स. आई इटालियन वंशाची. शिक्षण त्याच शहरात, आधी एका खासगी संगीतशाळेत आणि मग राष्ट्रीय संगीत विद्यालयात. ‘पानाम्बी’ या बॅलेतल्या तुकड्यांचा संच १९३७ मध्ये कोलोनमध्ये वाजला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. आधीचे बरेचसे लिखाण त्याने बाद ठरवले आणि गुआरानी आदिवासींच्या दंतकथेवरच्या या बॅलेला ‘कृती क्रमांक १’ केले. त्याच वर्षीच्या ‘तीन अर्जेंटिनी नृत्यां’तले पहिले नृत्य पियानोवर बसून पाहण्यासारखे आहे. उजव्या हाताने फक्त पांढऱ्या पट्ट्या, डाव्याने फक्त काळ्या. दोन हात दोन वेगळ्या स्वरमेळांत पळतात, तरी कानाला गुराख्याचा उडता नाचच ऐकू येतो. शेवटाकडे एक स्वरगुच्छ येतो : मी, ला, रे, सोल, सी, मी. गिटारच्या सहा तारा कुठेही बोट न दाबता छेडल्या की हेच स्वर निघतात. पुढे चाळीस वर्षे हा गुच्छ त्याच्या लिखाणात कधी उघडा, कधी मोडून, कधी स्वर बदलून येत राहिला. १९५३ च्या ‘व्हारियासिओनेस कोन्सेर्तांतेस’ या वाद्यवृंदाच्या रचनेची सुरुवात हार्पवरच्या याच स्वरांनी होते.

१९४१ चे ‘एस्तान्सिया’ बॅले बहुतेकांनी ऐकलेले असते, निदान त्यातला शेवटचा मलाम्बो तरी. मलाम्बो हे गाउचो, म्हणजे गुराखी, पुरुषांचे, पाय आपटत एकमेकांना आव्हान देण्याचे नृत्य. सहा मात्रांचा ठेका. पण आपल्या दादऱ्यासारखा तीन-तीनवर स्थिर राहत नाही, मध्येच दोन-दोन-दोन असा उलटतो आणि तिथेच श्रोत्याचा पाय चुकतो. बॅले मागवणारी अमेरिकी मंडळी ते बसवण्याआधीच मोडली. चार नृत्यांचा संच १९४३ मध्ये वाजला, पूर्ण बॅले रंगमंचावर यायला १९५२ उजाडले. आज जगभरच्या वाद्यवृंदांत ‘वन्स मोअर’ला हमखास वाजणारी ही रचना नाचावाचून अकरा वर्षे पडून होती.

आता नोकऱ्यांविषयी, कारण १९६७ च्या प्रकरणाला एकटी घटना समजण्याची चूक त्यांच्याकडे न पाहिल्यामुळेच होते. १९४१ पासून तो राष्ट्रीय विद्यालयात आणि एका लष्करी शाळेत शिकवत होता. १९४५ मध्ये नागरी हक्कांच्या बाजूच्या पत्रकावर सही केली म्हणून लष्करी शाळेतून काढला गेला. तेव्हा पेरॉन उपाध्यक्ष आणि युद्धमंत्री होता, अध्यक्ष व्हायचा होता. वर्षअखेरीस जिनास्तेरा अमेरिकी शिष्यवृत्तीवर सहकुटुंब तिकडे गेला आणि १९४७ मध्ये परतला. तिथे असताना त्याने बायबलमधल्या यिर्मयाच्या विलापगीतांवर विनासाथ समूहगान लिहिले. परतल्यावर ला प्लाता शहरात संगीत विद्यालय उभे केले. १९५२ मध्ये तेही हातचे गेले. त्याच वर्षी ला प्लाताचे नाव बदलून पेरॉनच्या पत्नीवरून ‘एव्हा पेरॉन’ करण्यात आले होते, यावरून हवा कळावी. पेरॉन १९५५ मध्ये पडला आणि १९५६ मध्ये याला विद्यालय परत मिळाले. मधल्या काळात घर चालायला सिनेमाचे पार्श्वसंगीत होते.

म्हणजे पेरॉनवाद्यांनी त्याला दोनदा घरी बसवले होते. १९६७ मध्ये हुकूम काढणारे पेरॉनचे विरोधक होते. या माणसाची राजकीय बाजू ठरवू पाहणाऱ्या प्रत्येक लेखात हा मुद्दा कुठेतरी घसरतो.

त्याच्या कामाचे तीन टप्पे पाठ्यपुस्तकांत सर्रास दिले जातात : ‘वस्तुनिष्ठ राष्ट्रवाद’, ‘व्यक्तिनिष्ठ राष्ट्रवाद’ आणि ‘नव-अभिव्यक्तिवाद’. पहिल्यात लोकनृत्ये उघड. दुसऱ्यात, म्हणजे १९४७ नंतर, त्यांचा नुसता वास. तिसऱ्यात, १९५८ पासून, बारा स्वरांची (बाराही स्वरांना समान दर्जा देणारी) पद्धत, पाव स्वर, स्वरांचे ढीग. ही विभागणी समीक्षकाची नाही, त्याची स्वतःची, तीही १९६० च्या दशकातली. त्यानंतर तो पंधराएक वर्षे लिहीत राहिला आणि शेवटच्या कामांत इंका-माया धाटणीचे सूर व गिटारचा तो गुच्छ पुन्हा वर आले, त्यामुळे नंतरच्या अभ्यासकांना चौथा टप्पा जोडावा लागला. पुन्हा ‘राष्ट्रवाद’ हा शब्द इथे फसवा आहे. पांपाच्या मैदानात गुरे राखणारा गाउचो हे राजधानीत वाढलेल्या स्थलांतरितांच्या मुलांनी शाळेतल्या कवितेतून उचललेले प्रतीक होते, आणि जिनास्तेरा त्यांच्यापैकीच. ‘एस्तान्सिया’त जे काव्य म्हटले जाते ते १८७२ चे. ज्या टँगोवर शहर जगत होते तो त्याच्या ‘राष्ट्रीय’ संगीतात जवळपास नाहीच. आणि त्याचा पहिला शिष्य कोण? टँगोला नवे रूप देणारा आस्तोर पिआत्सोला.

१९५८ ते १९६६ हा काळ चढतीचा. दुसरी स्ट्रिंग क्वार्टेट वॉशिंग्टनमध्ये गाजली. १९६१ मध्ये तिथेच पहिला पियानो कोन्सेर्तो (पियानो आणि वाद्यवृंद यांची रचना) आणि ‘जादुई अमेरिकेसाठी कांताता’ ऐकवली गेली. कांतातात एक सोप्रानो (उंच पट्टीतली गायिका), तिच्यासमोर तालवाद्यांची फौज, आणि कोलंबसपूर्व कवितांवर बेतलेले शब्द. १९६३ पासून ब्यूनोस आयर्समध्ये त्याच्या हाताखाली लॅटिन अमेरिकेतल्या तरुण संगीतकारांसाठी एक केंद्र चालू झाले. एका औद्योगिक घराण्याची संस्था, एका अमेरिकी प्रतिष्ठानाचा पैसा, दोन वर्षांची शिष्यवृत्ती, एका वेळी बारा जण. शिकवायला मेसियाँ, दाल्लापिक्कोला, नोनो, झेनाकिस असे युरोपातले आघाडीचे संगीतकार. इलेक्ट्रॉनिक संगीताची प्रयोगशाळाही होती. शीतयुद्धातला डॉलर म्हणून डाव्यांनी नाके मुरडली. ती मुरडायला जागा होतीच, पण चिली, पेरू, ग्वातेमालाचे संगीतकार एकमेकांना प्रथम भेटले ते या खोल्यांत.

ऑपेराकडे तो उशिरा वळला. ‘दोन रोद्रिगो’ १९६४ मध्ये कोलोनमध्ये झाला. फेब्रुवारी १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका ऑपेरा कंपनीने नव्या वास्तूतली आपली सुरुवात याच ऑपेराने केली. मुख्य भूमिकेत, पुढे जगप्रसिद्ध झालेला गायक, पंचविशीतला प्लासिदो दोमिंगो होता.

‘बोमार्झो’ आला तो या लाटेवर. सोळाव्या शतकातला एक कुबडा इटालियन सरदार (ड्यूक), त्याने आपल्या जहागिरीत दगडात कोरून घेतलेली राक्षसांची बाग (ती रोमच्या उत्तरेला आजही पाहता येते), आणि अमर होण्याची त्याची हाव. १९६२ ची अर्जेंटिनी कादंबरी, संहिताही त्याच कादंबरीकाराची. कादंबरीला राष्ट्रीय पारितोषिक मिळालेले होते, म्हणजे तोच मजकूर पुस्तकात राज्याने गौरवला आणि रंगमंचावर शहराने नाकारला. ऑपेरा सुरू होतो एका मेंढपाळ पोराच्या साध्या गाण्याने : मी ड्यूकशी जागा बदलणार नाही. मग ड्यूक अमरत्वाचा म्हणून दिलेला काढा पितो. त्यात विष असते. उरलेला सगळा ऑपेरा म्हणजे मरता मरता त्याला दिसलेले आयुष्य, पंधरा दृश्यांत : भावांनी केलेला छळ, वेश्येच्या आरशांच्या खोलीतला थरकाप, लग्नाच्या रात्रीचे अपयश, खून. कोरस रंगमंचावर नाही, वाद्यवृंदाच्या खड्ड्यात बसलेला. तिथून कुजबुज आणि घोगरे आवाज वर येतात.

वॉशिंग्टनच्या पहिल्या प्रयोगाला अर्जेंटिनाच्या राजदूताची उपस्थिती आणि कौतुक होते. देशाची प्रतिष्ठा वाढवणारी घटना म्हणून ती मायदेशी मिरवण्यात आली. दोन महिन्यांत महापालिकेचा हुकूम. मग बंदी घातली कोणी? कागदावर उत्तर सोपे आहे : कोलोन ही शहराची मालमत्ता, नगरप्रमुखाच्या सहीचा हुकूम. पण नगरप्रमुख निवडून आलेला नव्हता. जून १९६६ च्या लष्करी उठावानंतर जनरल ओंगानियाची राजवट आली होती आणि नगरप्रमुख तिचाच. याच राजवटीने सत्तेवर आल्यावर महिन्याभरात, २९ जुलै १९६६ च्या रात्री, पोलिसांना विद्यापीठात घुसवून प्राध्यापक-विद्यार्थ्यांना लाठ्यांनी झोडपले होते. रस्त्यांवर लांब केसांची मुले आणि आखूड झगे पकडण्याची मोहीम जोरात होती. वरून तोंडी इशारा आला की खालच्याने वरच्याला खूश करायला पुढाकार घेतला, यावर तेव्हा आणि नंतरही बराच वाद झाला. माझ्या मते हा भेद करून फारसे हाती लागत नाही. राजदूत आणि नगरप्रमुख एकाच सरकारची दोन तोंडे होती. परदेशात लागणारा दागिना आणि घरात चालणारी शिस्त ही दोन वेगळी खाती होती, एवढेच.

यातली खरी विसंगती क्वचितच लिहिली जाते. नीतिमत्तेच्या, तीही कॅथलिक नीतिमत्तेच्या, नावाने ज्याला अडवले तो माणूस १९५८ मध्ये अर्जेंटिनाच्या कॅथलिक विद्यापीठात संगीताची विद्याशाखा उभी करून तिचा अधिष्ठाता राहिलेला होता. त्याने बायबलमधले दीडशेवे स्तोत्र संगीतबद्ध केले होते. पुढे १९७४ मध्ये ख्रिस्ताच्या यातनांवर भली मोठी लॅटिन रचना केली. प्रस्थापित ते सगळे उखडून टाकायला निघालेला हा कलावंत नव्हे. त्याला आपल्या समाजात मानाची जागा हवी होती, आणि ती त्याला होतीही. म्हणूनच हुकूम त्याला इतका लागला.

त्याने उत्तर दिले ते व्यापाऱ्यासारखे, आणि ते परिणामकारक ठरले : ‘बोमार्झो’ लागत नाही तोवर माझी कोणतीही रचना कोलोनमध्ये वाजवायची नाही. सर्वांत मोठ्या जिवंत देशी संगीतकाराविना शहराचे ऑपेरागृह पाच वर्षे चालले. दरम्यान मार्च १९६८ मध्ये न्यूयॉर्कने ऑपेरा केला, ध्वनिमुद्रिका आली, आणि बंदीच्या बातमीने तिकिटांचे काय व्हायचे ते झाले. बंदीमुळे ‘बोमार्झो’चे नाव त्याच्या संगीतापेक्षा मोठे झाले, असे म्हणणारे आहेत. न्यूयॉर्कचे काही समीक्षक संगीतावर खूश नव्हते, हे खरे आहे. पण ड्यूकच्या अंगातली भीती ज्या स्वरांच्या थरांतून जिनास्तेरा उभी करतो, ती ऐकल्यावर हा हिशेब अपुरा वाटतो.

हवा संगीतापुरती नव्हती. मे १९६८ मध्ये, ज्या संस्थेत त्याचे केंद्र होते तिच्याच फ्लोरिदा रस्त्यावरच्या प्रदर्शनात पोलिसांनी एक कलाकृती बंद केली. बाकीच्या कलावंतांनी आपापली कामे बाहेर रस्त्यावर आणून मोडून टाकली. औद्योगिक घराण्याचा पैसा आटला आणि संगीत केंद्रही १९७१ पर्यंत आवरले गेले.

‘बोमार्झो’ला कोलोनचा पडदा मिळाला एप्रिल १९७२ मध्ये. ओंगानिया जाऊन तिसरा जनरल सत्तेत होता. जिनास्तेरा तोवर शहर सोडून गेला होता. १९६९ मध्ये पहिल्या पत्नीपासून वेगळा झाला, १९७१ मध्ये अर्जेंटिनी चेलोवादक औरोरा नातोलाशी लग्न केले आणि जिनिव्हात राहू लागला. त्याच वर्षी ‘बेआत्रिक्स चेंची’ हा तिसरा ऑपेरा वॉशिंग्टनच्या नव्या कलासंकुलाच्या उद्घाटनात झाला. बापाकडून अत्याचार, बापाचा खून, मुलीचा शिरच्छेद; कथानक ‘बोमार्झो’पेक्षा सौम्य मुळीच नव्हते. १९७३ मध्ये एका ब्रिटिश रॉक त्रिकुटाने त्याच्या पहिल्या पियानो कोन्सेर्तोचा शेवटचा भाग सिंथेसायझरवर आणला. त्यांचा कीबोर्डवादक परवानगीसाठी जिनिव्हाला गेला आणि टेप ऐकून म्हाताऱ्याने ती आनंदाने दिली. लाखो तरुणांच्या कानावर तो अशा वाटेने पडला.

जिनिव्हातल्या लिखाणात चेलो पुढे आला : सोनाता १९७९, दुसरा चेलो कोन्सेर्तो लग्नाच्या दहाव्या वाढदिवसासाठी. १९७६ मध्ये गिटारसाठी सोनाता. ज्या वाद्याच्या मोकळ्या तारा तो आयुष्यभर इतर वाद्यांवर वाजवत आला, त्या वाद्यासाठी लिहायला साठी उजाडली. माया लोकांच्या सृष्टीकथेवरचे ‘पोपोल वूह’ १९७५ पासून टेबलावर होते. आठांपैकी सात भाग झाले. २५ जून १९८३ रोजी तो जिनिव्हात वारला. अर्जेंटिनात लष्कराने निवडणुका घेतल्या त्या ३० ऑक्टोबरला. ‘पोपोल वूह’ सात भागांतच १९८९ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा वाजले, आणि ‘बोमार्झो’ २००३ मध्ये पुन्हा कोलोनमध्ये, २०१७ मध्ये माद्रिदमध्ये लागला.