काकूंचा फोन राऊटरला का दिसेना?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात चार बिऱ्हाडं एकच वाय-फाय वापरतात. राऊटरमध्ये ‘मॅक फिल्टर’ सुरू करून मी सगळ्यांच्या फोनचे मॅक पत्ते, म्हणजे नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचे क्रमांक, यादीत घातले होते. यादीबाहेरच्याला प्रवेश नाही. मग शेजारच्या काकूंनी नवा फोन घेतला. ‘अबाउट फोन’मधला पत्ता मी अक्षर न् अक्षर तपासून टाकला, तरी फोन जोडला जाईना. “अरे, मी दिसतच नाही का त्याला?” काकूंनी विचारलं. प्रश्न अगदी नेमका होता.

मॅक पत्ता ४८ बिटांचा, लिहिताना १२ अक्षरांचा. नंबरप्लेटवर जीजे-०६ दिसलं की गाडी बडोद्याची हे कळतं, तसं पहिल्या सहा अक्षरांवरून यंत्र कोणत्या कंपनीचं ते कळतं. हे गट आयईईई ही संस्था कंपन्यांना वाटून देते. पण एकच पत्ता सगळीकडे मिरवणाऱ्या फोनवरून माणसाचा माग काढता येतो. म्हणून अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन सहसा प्रत्येक नेटवर्कला वेगळा, स्वतः तयार केलेला पत्ता सांगतात. त्याची खूण म्हणजे दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई. काकूंच्या फोनने पडद्यावर कारखान्यातला पत्ता दाखवला आणि राऊटरला दुसराच सांगितला.

फोनच्या सेटिंगमध्ये हा स्वतः तयार केलेला पत्ता बंद करून काम भागलं असतं. पण मला खरी काळजी वेगळीच वाटली. वाय-फायवरून माहिती छोट्या पाकिटांत जाते; पाकिटातला मजकूर कूटबद्ध असतो, पत्ता मात्र वर उघडाच राहतो. जवळ बसलेला कुणीही तो वाचून आपल्या लॅपटॉपला लावू शकतो. दुसऱ्याची नंबरप्लेट लावण्याइतकंच ते सोपं आहे.

ओळख पटवण्याचं काम पासवर्डचं, आणि त्यातली रीत मला फार सुंदर वाटते. डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या सुरक्षापद्धतीत पासवर्ड हवेतून जातच नाही. फोन आणि राऊटर एकमेकांना यादृच्छिक संख्या पाठवतात, दोघंही आपापल्याकडच्या पासवर्डवरून तीच किल्ली तयार करतात आणि ती आपल्याजवळ असल्याचा पुरावा देतात. उणीव एवढीच, की हा संवाद टिपून घेतला तर घरी बसून लाखो पासवर्ड ताडून पाहता येतात. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ ने ही वाट बंद केली: प्रत्येक अंदाज राऊटरसमोरच करावा लागतो.

कार्यालयात किंवा कॉलेजात ८०२.१एक्स ही प्रवेश तपासण्याची पद्धत हवी. तिथे प्रत्येकाचं नाव नि पासवर्ड स्वतंत्र, तपासणारा सर्व्हर वेगळा. कुणी नोकरी सोडली तर फक्त त्याचंच खातं बंद करायचं.

वाड्यात एवढ्याची गरज नाही. मी फिल्टर काढला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा छोट्या पिनने फोन जोडण्याची सोय) बंद केलं. एका घरातला जुना टीव्ही डब्ल्यूपीए३ जाणत नाही, म्हणून डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालू ठेवल्या. डब्ल्यूपीए२ची ती उणीव त्यामुळे राहिली, आणि त्यासाठीच पासवर्ड लांब हवा होता. एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच मराठी शब्द काकूंनी सुचवले. त्यांचा फोन लगेच जोडला गेला.