लेसर-स्फटिकीकरण (काचेवरील)

काचेच्या पृष्ठभागावर लेसरचा झोत फिरवून त्याच जागी स्फटिकांच्या रेषा, ठिपके किंवा नक्षी उगवण्याची पद्धत. यात काच कापत नाहीत, खरवडत नाहीत, वर कुठला थरही चढवत नाहीत. झोत गेला तेवढ्याच वाटेवरचे अणू उठून रांगेत बसतात.

वितळलेला रस झटपट निवला की अणूंना जागा धरायला सवड मिळत नाही आणि त्याची काच होते. लिमलेटची गोळी आणि खडीसाखर दोन्ही साखरेच्याच. पहिली काच, दुसरी स्फटिक. मध साखरतो तशी काचही योग्य उष्णता मिळाली की ‘साखरते’. भट्टीत ती सगळीच साखरते, लेसरने मात्र हवी तेवढी. अजिंठ्याला विक्रेते पुढे करतात त्या फोडलेल्या गारगोट्यांमधले स्फटिक बेसाल्टच्या पोकळ्यांत सावकाश वाढलेले असतात. जालन्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणारला, उलटे घडले: उल्केच्या आघाताच्या धक्क्याने बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाच्या स्फटिकांचीच काच झाली.

अडचण अशी की काच पारदर्शक असते. प्रकाश आरपार निघून गेला तर ती तापणार कशी? जपानमधल्या नागाओका येथील संशोधकांनी काचेच्या मिश्रणातच समॅरियमसारखे विरल मृदा मूलद्रव्य घातले. एनडी-याग लेसरचा १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश समॅरियम शोषतो, त्याची उष्णता करतो आणि भोवतालच्या काचेत स्फटिक धरू लागतात. झोत अगदी संथ, सेकंदाला काही मायक्रोमीटर इतकाच सरकवावा लागतो. घाई केली तर रेषा तुटक येते. नीट जमले तर स्फटिक झोताच्या दिशेनेच वाढतात. बेरियम बोरेटची अशी रेषा अवरक्त प्रकाशाचा काही भाग ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात बदलते, जे साध्या काचेला जमत नाही. गंमत म्हणजे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या लेसरची तरंगलांबीही १०६४ नॅनोमीटरच. तिथे मात्र आरशांनी तो प्रकाश शोषू नये यासाठी सारी खटपट.

दुसरा मार्ग फेमटोसेकंद लेसरचा. याचे स्पंद सेकंदाच्या एक हजार अब्जांशाच्याही हजाराव्या भागाच्या मापाचे असतात, त्यामुळे एरवी प्रकाश न शोषणारी काचही केंद्रबिंदूपाशी तो शोषते. स्वित्झर्लंडमधील ईपीएफएल या तंत्रविद्यापीठातील आणि टोकियोतील संशोधकांनी टेल्युराइट (टेल्युरियम ऑक्साइडच्या) काचेवर अशी रेषा ओढली, तेव्हा तिथे टेल्युरियमचे नॅनोस्फटिक तयार झाले. टेल्युरियम अर्धवाहक असल्याने त्या रेषेवर प्रकाश पडताच विद्युतप्रवाह मिळतो. हे काम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीतही लेसर हेच करतो, फक्त तिथला काचसदृश थर अतिशय पातळ असतो.

छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरच्या भेटवस्तूंच्या दुकानांत मिळणारा ‘थ्रीडी क्रिस्टल’ फोटो मात्र या पद्धतीचा नव्हे, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. ठोकळा दिव्यासमोर धरून भिंगातून पाहिला, तर चेहऱ्याचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक बारीक तडा असल्याचे दिसते. ठोकळाही काचेचाच, स्वच्छ, वजनदार काचेला ‘क्रिस्टल’ म्हणायची व्यापारातली जुनी रीत. काचेच्या नेमप्लेटवर कार्बन डायऑक्साइड लेसरने उमटवलेली पांढुरकी अक्षरेही सूक्ष्म तडे आणि कपचे उडाल्यामुळेच दिसतात. खरी स्फटिकरेषा ओळखायला काच एकमेकींना काटकोनात धरलेल्या दोन ध्रुवीकारक (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या) पट्ट्यांमध्ये ठेवतात: काच काळी राहते आणि बहुतेक प्रकारच्या स्फटिकांची रेषा उजळते.

खिडकीच्या काचेवर हा प्रयोग सहसा साधत नाही, कारण तिचे मिश्रणच स्फटिक धरू नये असे ठरवलेले असते. वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या प्रकाशतंतूच्या कारखान्यांनाही स्फटिक नकोच असतो. तंतूत एखादा कण जरी साखरला, तरी प्रकाश तिथे विखुरतो आणि तंतू त्याच जागी तुटण्याची भीती असते.