केंद्रीय कर्मचाऱ्यांचे घरबांधणी अग्रिम (एचबीए): कोणाला मिळते, किती मिळते आणि अर्ज कसा करायचा

टपाल, आयकर, सीमाशुल्क अशा केंद्र सरकारच्या खात्यांत महाराष्ट्रात बरेच जण नोकरी करतात. पहिले घर घेताना यांतले कितीतरी जण थेट बँकेत जातात आणि आपल्याच कार्यालयातून मिळणाऱ्या घरबांधणी अग्रिमाची, म्हणजे घरासाठी सरकार कर्मचाऱ्याला देत असलेल्या कर्जाची, चौकशीसुद्धा करत नाहीत. निदान हिशेब मांडून पाहिल्याशिवाय ही सोय सोडू नये, असे मला मनापासून वाटते.

सध्याची चौकट नोव्हेंबर २०१७ च्या नियमांची आहे. हे नियम केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाचे. कायम कर्मचारी पात्र आहेतच, शिवाय सलग ५ वर्षे सेवा झालेल्या अस्थायी कर्मचाऱ्यालाही अर्ज करता येतो. पती-पत्नी दोघेही केंद्राच्या नोकरीत असतील तर दोघांना एकत्र किंवा स्वतंत्रपणे अग्रिम घेता येते. पूर्वी ते दोघांपैकी एकालाच मिळायचे. संपूर्ण सेवेत ही संधी एकदाच मिळते.

रक्कम तीन आकड्यांवरून ठरते: ३४ महिन्यांचे मूळ वेतन (कमाल २५ लाख रुपये), घराची प्रत्यक्ष किंमत आणि तुमची परतफेडीची क्षमता. यांतला सर्वांत लहान आकडा तुमचा. मूळ वेतन ४४,९०० असेल तर ३४ महिन्यांचे १५,२६,६०० होतात. पूर्ण २५ लाखांसाठी मूळ वेतन साधारण ७३,५०० हवे. असलेले घर वाढवायचे असेल तर कमाल मर्यादा १० लाख आहे. घराच्या किमतीलाही मर्यादा आहे: मूळ वेतनाच्या १३९ पट, जास्तीत जास्त १ कोटी. योग्य प्रकरणात विभागप्रमुख ती २५ टक्क्यांपर्यंत शिथिल करू शकतात.

निवृत्तीला किती वर्षे उरली आहेत, त्यावर परतफेडीची क्षमता मोजतात. २० वर्षांहून जास्त असतील तर मूळ वेतनाच्या ४० टक्के. १० ते २० वर्षे असतील तरी ४० टक्केच, पण ग्रॅच्युइटीचा ६५ टक्क्यांपर्यंतचा भाग हिशेबात धरता येतो. १० वर्षांच्या आत निवृत्ती असेल तर मूळ वेतनाच्या ५० टक्के आणि ग्रॅच्युइटीच्या ७५ टक्क्यांपर्यंत.

आता व्याज. या योजनेचा खरा फायदा व्याजाच्या पद्धतीत आहे, आणि नुसते दर शेजारी ठेवून पाहणाऱ्याच्या तो लक्षात येत नाही. २०१७ मध्ये दर ८.५ टक्के होता, ऑक्टोबर २०१९ पासून ७.९ आणि एप्रिल २०२२ पासून ७.१ टक्के झाला. अर्ज करताना चालू परिपत्रकातला दर पाहावा. पण हे सरळव्याज आहे. आधी जास्तीत जास्त १८० हप्त्यांत फक्त मुद्दल फिटते, मग जास्तीत जास्त ६० हप्त्यांत व्याज. नियम आले तेव्हा सरकारनेच एक तुलना दिली होती. २५ लाख रुपये २० वर्षांसाठी बँकेकडून ८.३५ टक्क्यांनी घेतले तर हप्ता २१,४५९ रुपये आणि एकूण परतफेड सुमारे ५१.५० लाख. तेच अग्रिम ८.५ टक्के सरळव्याजाने घेतले तर पहिली १५ वर्षे हप्ता १३,८९०, पुढची ५ वर्षे २६,४११ आणि एकूण ४०.८४ लाख. दर जास्त असूनही दहा लाखांहून अधिक वाचले!

शेवटच्या पाच वर्षांत हप्ता जवळजवळ दुप्पट होतो, हे मात्र आधीच ध्यानात घ्या. तोच काळ मुलांच्या उच्च शिक्षणाचा किंवा निवृत्तीच्या तोंडावरचा असेल तर तयारी आतापासून हवी.

कोणते घर चालते? स्वतःच्या किंवा जोडीदारासोबतच्या संयुक्त मालकीच्या भूखंडावर बांधकाम, भूखंड घेऊन त्यावर बांधकाम, सहकारी गृहनिर्माण संस्थेतले घर, गृहनिर्माण मंडळाकडून किंवा नोंदणीकृत बिल्डरकडून घेतलेले नवे तयार घर, हे सगळे चालते. खासगी व्यक्तीकडून घेतलेले तयार घर, म्हणजे आपण ज्याला रीसेल फ्लॅट म्हणतो ते, चालत नाही. त्यामुळे टोकन देण्याआधीच हा मुद्दा तपासा. बँकेचे गृहकर्ज आधीच चालू असेल तर ते अग्रिमात वळवण्याची सोय २०१७ पासून आहे.

मुंबई-पुण्यात २५ लाखांत घर येत नाही, हे उघड आहे. उरलेली रक्कम मान्यताप्राप्त वित्तसंस्थेकडून घेता येते. घर सरकारकडे गहाण असते, आणि त्यावर दुसरा बोजा चढवायला कार्यालय ना-हरकत देते. म्हणून बँकेला पहिल्याच भेटीत सांगा की एचबीए घेत आहे.

अर्ज विहित नमुन्यात, आपल्या कार्यालयामार्फत विभागप्रमुखांकडे जातो. सोबत विक्री करार किंवा वाटपपत्र, मालकी हक्काची कागदपत्रे (सातबारा किंवा मिळकत पत्रिका), मंजूर नकाशा आणि बांधकाम असेल तर खर्चाचे अंदाजपत्रक जोडावे. शोध अहवाल (मालकी हक्काच्या जुन्या नोंदी तपासल्याचा वकिलाचा अहवाल) आणि महारेरा नोंदणीची प्रतही तयार ठेवा. प्रकरणे अडकतात ती बहुधा मालकी हक्काच्या तपासणीत, पगाराच्या दाखल्यावर नाही. सातबारावर जुन्या वारसाचे नाव किंवा सोसायटीचा बोजा राहिला असेल तर तो आधी निस्तरा. अस्थायी कर्मचाऱ्याला जामीनदारही लागतो. आणि आचरण नियमांनुसार स्थावर मालमत्तेच्या व्यवहाराची पूर्वकल्पना कार्यालयाला द्यावी लागते. तो कागद वेगळा, एचबीएच्या अर्जात तो धरला जाईल असे समजू नका.

बांधकामासाठी निम्मी रक्कम गहाणखत झाल्यावर आणि निम्मी बांधकाम जोत्यापर्यंत आल्यावर मिळते. तयार घरासाठी ती एकरकमी मिळते, आणि खरेदी व गहाणखत ३ महिन्यांत उरकावे लागते. घराचा आग, पूर आणि वीज पडणे यांपासून विमा उतरवणे बंधनकारक आहे.

जुन्या करप्रणालीत असाल तर व्याजाची वजावट विसरू नका. व्याज प्रत्यक्षात शेवटी भरले जात असले तरी ते दरवर्षी साचत असते आणि त्या हिशेबानेच वजावट मिळते. त्यासाठी आहरण व संवितरण अधिकाऱ्यांकडून (पगार काढणाऱ्या अधिकाऱ्यांकडून) त्या वर्षाच्या व्याजाचा दाखला मागून घ्या.

महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना घरबांधणी अग्रिम मुंबई वित्तीय नियम १९५९ च्या नियम १३४ खाली मिळते. त्याच्या मर्यादा वेगळ्या आहेत, वरचे आकडे तिथे लावू नयेत.

शेवटचा हप्ता फिटला की गहाण मुक्त करणारा दस्त करून घ्या आणि मालकीचे मूळ कागद कार्यालयातून सही करून परत घ्या. हे निवृत्तीच्या आधी उरकलेले बरे, कारण नंतर त्याच टेबलांवर ओळखीचे कोणी उरलेले नसते.