बूट चावतो कुठे, निसटतो कुठे

यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेला लागलं की जुलैत रस्ता दिसेनासा होतो. पुढच्या गाडीचा लाल दिवा बघायचा आणि त्याच्या मागे चालायचं. अशाच एका सकाळी धुक्यातून म्हशी आडव्या आल्या. मी मोटरसायकलचा ब्रेक दाबला, डावा पाय खाली टेकवला आणि बूट कडेच्या चिखलात रुतला. पाय उचलायला गेलो तर बूट जागेवरच राहिला आणि टाच आतल्या आत दोन बोटं वर आली. घोट्यावर असायला हवी ती गादी घोट्याच्या खाली राहिली. गाडी कलली, घोटा थेट फूटरेस्टच्या लोखंडावर आपटला. पुढचे दहा दिवस मी लंगडत होतो.

बूट हलका नव्हता. जाड चामडं, आत घोट्याला दोन्ही बाजूंनी कवच, टाचेत कडक वाटी, सगळं होतं. फक्त तो एक नंबर मोठा होता. ‘हिवाळ्यात जाड मोजे घालता येतील’ असा हिशोब करून मीच तो घेतला होता. रायडिंगचा बूट पायाला धरून बसला नाही, तर त्यातलं कवच ऐन वेळी भलत्याच जागी असतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मापाच्या मागचं शास्त्र समजून घ्यायला लागलो.

सुरुवात पायापासूनच करावी लागते. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. ती कमानीसारखी रचलेली असतात आणि कमान स्थिर नसते. आपण उभे राहिलो की वजनाने ती थोडी खाली बसते, पाऊल लांबतं आणि रुंदावतं. बसल्या बसल्या घेतलेलं माप आणि उभ्याने घेतलेलं माप म्हणूनच जुळत नाही.

ही गोष्ट मला पुस्तकाआधी साताऱ्यातल्या एका चप्पल बांधणाऱ्या तात्यांनी सांगितली होती. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सोलापूर यांच्यासोबत सातारा जिल्हाही आहे. तेव्हा हे ज्ञान आपल्या दारातलंच. तात्यांनी जमिनीवर कागद अंथरला आणि मी स्टुलावर बसायला गेलो तर म्हणाले, “बसू नका, उभं ऱ्हावा. दोन्ही पायांवर वजन टाका. बसून घेतलेलं माप संध्याकाळी रडवतंय.” पेन्सिलीने त्यांनी दोन्ही पायांची कड आखली. माझा उजवा पाय डाव्यापेक्षा चांगला चार-पाच मिलिमीटर मोठा निघाला. बहुतेकांचं असंच असतं, थोडाफार फरक असतोच. बूट नेहमी मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा.

तात्यांच्या बोलण्यातल्या संध्याकाळीलाही कारण आहे. दिवसभर गुरुत्वाकर्षणाने द्रव पायात उतरत असतो. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि सैल होतात, त्यांच्या दाबाने रक्त वर ढकललं जातं. मोटरसायकलवर मात्र पाय तासन्‌तास एकाच ठिकाणी टेकलेले असतात आणि पोटरी जवळजवळ गप्प असते. साताऱ्याहून सकाळी निघून कोयनेपर्यंत जाऊन आलात, तर परत येतानाचा पाय सकाळचा राहिलेला नसतो. दुकानात सकाळी अकराला मापात बसलेला बूट संध्याकाळी बोटं आवळायला लागतो तो यामुळे. बूट बघायला दिवस कलल्यावर जावं, आणि गाडीवर जे मोजे घालणार तेच पायात असावेत.

आता नंबराकडे येऊ, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. आपल्याकडे ‘सात नंबर’, ‘आठ नंबर’ म्हणतात ती ब्रिटिश पद्धत. तिच्यात दोन नंबरांमधलं अंतर एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण ८.५ मिलिमीटर. हे माप आलं जवाच्या दाण्यावरून. इंग्लंडात तीन जव लांबीने एकापुढे एक ठेवले की एक इंच धरत. गंमत म्हणजे मापासाठी जव आपल्याकडेही होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ जव म्हणजे एक अंगुळ असं कोष्टक आहे, पण आपण जव आडवे, रुंदीने मोजत होतो. युरोपातल्या ४१, ४२, ४३ या आकड्यांमागे वेगळं एकक आहे, त्यात एक पायरी सेंटिमीटरच्या दोन तृतीयांश, म्हणजे ६.७ मिलिमीटरच्या आसपास. ८.५ आणि ६.७ या पायऱ्या एकमेकांशी नीट जुळणं शक्यच नाही. ‘आठ म्हणजे बेचाळीस’ हे दुकानातलं समीकरण त्यामुळे कधी बरोबर येतं, कधी अर्ध्या नंबराने चुकतं. शिवाय हे आकडे पायाचे नसून कलबुताचे असतात. कलबूत म्हणजे ज्या साच्यावर बूट ताणून शिवतात तो लाकडी किंवा प्लास्टिकचा पाय. प्रत्येक कंपनीचं कलबूत वेगळं, म्हणून एकीचा आठ दुसरीच्या साडेसातासारखा भरतो. पायाची लांबी मिलिमीटरमध्ये सांगणारी आंतरराष्ट्रीय पद्धतही आहे आणि मला तीच सर्वांत सरळ वाटते. बुटाच्या जिभेवर किंवा पेटीवर सेंटिमीटरचा आकडा छापलेला असेल तर आधी तो बघा.

एवढं करूनही नंबर फक्त लांबी सांगतो. रुंदी सांगत नाही, पायाच्या वरच्या फुगवट्याची उंची सांगत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांचे पाय त्रिमितीय यंत्राने मोजले. भारतीय पाऊल पाश्चात्त्य मापांच्या मानाने पुढून रुंद आहे, हे त्यातून दिसलं. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. ज्यांचं बालपण अनवाणी किंवा चपलेत गेलं त्यांना हे सांगायला यंत्र लागणार नाही. अरुंद युरोपी कलबुतावरचा बूट करंगळीला दाबतो, मग आपण रुंदी मिळावी म्हणून लांबी वाढवतो, आणि टाच सैल पडते. माझ्या पायाचं कासच्या रस्त्यावर झालं ते याच घोडचुकीमुळे. जाड मोज्यांचं निमित्त होतं, मुळात दुकानात बूट करंगळीला दाबत होता. रुंद पायाला रुंद कलबुताचा बूट शोधावा, लांब बूट घेऊन भागत नाही.

आणखी एक माप आहे, त्याबद्दल दुकानदार सहसा बोलत नाहीत. टाचेपासून अंगठ्याच्या बुंध्याच्या सांध्यापर्यंतचं अंतर. दोघांच्या पायाची लांबी २६ सेंटिमीटर असली, तरी एकाची बोटं लांब आणि दुसऱ्याची आखूड असू शकतात, मग हा सांधा दोघांत वेगळ्या जागी येतो. बूट जिथे वाकतो ती जागा या सांध्याखाली यायला हवी. नाहीतर पाय एकीकडे वाकू बघतो आणि तळ दुसरीकडे. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात पाय मोजायचं जे धातूचं यंत्र केलं, त्यात लांबी आणि रुंदीसोबत हे तिसरं मापही घेता येतं. आपल्या दुकानात ते यंत्र नसेल तर चवड्यावर उभं राहून बघा. बुटाला सुरकुती पडते ती बोटांच्या बुंध्याशी पडली पाहिजे.

रायडिंगचा बूट चालण्याच्या बुटापेक्षा वेगळा का, हेही यात आलं पाहिजे. गाडी पडते तेव्हा पाय बऱ्याचदा गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये सापडतो. युरोपात अशा बुटांसाठी ईएन १३६३४ हे मानक आहे. त्यात चार गोष्टी तपासून प्रत्येकीला १ किंवा २ अशी पातळी देतात: बुटाची उंची, रस्त्यावर घासलं गेल्यावर टिकाव, कापलं जाण्याला विरोध, आणि तळ दोन्ही बाजूंनी दाबला तर तो किती चेंगरतो. चौथी चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण साध्या स्पोर्ट्स शूजचा मऊ तळ तिथे काहीच करू शकत नाही. आत शिवलेल्या पट्टीवर मोटरसायकलच्या चित्राखाली हे चार आकडे असतात, दुकानात ते वाचून घ्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात अपघात झालेल्या २१२ मोटरसायकलस्वारांची पाहणी होती. मोटरसायकलसाठी न बनवलेले, पण मजबूत बूट घालणाऱ्यांनाही साधे शूज किंवा जॉगर्स घालणाऱ्यांपेक्षा पायाला इजा होण्याचा धोका जवळपास निम्माच दिसला. खास बूट परवडत नसेल त्याने निदान घोटा झाकणारा दणकट बूट घालावा, स्लिपर घालून घाटात जाऊ नये, हे मी कळकळीने सांगतो.

‘घाला हो, सैल होतो वापरून’ हे दुकानातलं वाक्य अर्धं खरं आहे. चामडं म्हणजे कोलॅजनच्या तंतूंची गुंतागुंतीची वीण. ओल, ऊब आणि दाब मिळाला की हे तंतू थोडे सरकतात आणि नव्या जागी बसतात. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेली कोल्हापुरी सुरुवातीला चावते आणि नंतर पायाचा ठसा घेते, ती याच गुणामुळे. पण चामडं रुंदीत सैलावतं, लांबीत नाही, कारण टाचेला आणि चवड्याला आतून कडक कवच असतं. म्हणून बाजूने जरा घट्ट असलेला बूट चालेल. बोटं समोर टेकत असतील तर तो कधीच बरा होणार नाही. कृत्रिम मायक्रोफायबरचा असेल तर बाजूनेही फारशी आशा धरू नका.

फोड येतात तेही सैल बुटाने, नुसत्या घट्टाने नाही. वरची त्वचा मोज्याला चिकटून राहते आणि आतलं हाड मात्र पुढे-मागे सरकतं. मधले थर ताणले जातात, शेवटी एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत द्रव भरतो. घामाने दमट झालेली त्वचा कोरडीपेक्षा जास्त घट्ट पकडते, म्हणून सुती मोजे पावसाळ्यात सर्वांत वाईट, ते पाणी धरून ठेवतात. लोकर किंवा सिंथेटिक बरे. थंडीत दोन जोड मोजे कोंबणंही उलटं पडतं. ऊब देते ती मोज्यात अडकलेली हवा, ती दाबली गेली की संपली. शिवाय रक्तप्रवाह कमी होऊन बोटांना मुंग्या येतात आणि डिसेंबरच्या पहाटे पसरणीच्या घाटात ब्रेकवरचा पाय बधिर होतो.

पावसाबद्दल एकच सांगतो. वॉटरप्रूफ बूट आतून ओला झाला की बऱ्याचदा पाणी वरून, पँटवरून ओघळून आत गेलेलं असतं. रेनपँट बुटाच्या बाहेरून यायला हवी.

शेवटी बूट घालून दुकानात चार पावलं चालणं पुरेसं नाही. गाडी बाहेर उभी असते, तिच्यावर जाऊन बसा. गुडघा दुमडल्यावर बुटाची कड पोटरीत किंवा नडगीत रुतते का, घोट्याचं हाड बरोबर गादीच्या मध्यावर आहे का, हे तिथेच कळतं. बुटाची टाच दाबून धरायला कुणाला तरी सांगा आणि पाय उचला, आतली तुमची टाच किंचित हलली तर ठीक, बोटभर वर आली तर बूट परत द्या. मग गिअर. पुढे-मागे दाबायच्या लिव्हरच्या गाड्यांवर जाड तळाचा लांब बूट दोन्ही टोकांमध्ये अडकू शकतो. एका टोकाच्या लिव्हरखाली जाड चवडा शिरत नसेल तर दरवेळी पाय वाकडा करावा लागतो. पण त्यासाठी चांगला बूट सोडू नका. बऱ्याच गाड्यांत लिव्हर दांड्यावर दातांमध्ये बसवलेला असतो. बोल्ट सैल करून तो एक दात वर घेतला की काम होतं. मी माझ्या गाडीचा तसा करून घेतला, पाच मिनिटंही लागली नाहीत.