तांब्याच्या पत्र्यावरची सान माणसं

'आदिमानवाचा दुर्मीळ फोटो, 1805' अशा ओळीसह एक चित्र परवा तीन ग्रुपांवर आलं. कॅमेऱ्यानं टिपलेला, आजवर टिकलेला सर्वांत जुना फोटो 1820 च्या दशकातला. त्यातही दिसतात ती फक्त छपरं. आणि चित्रातली माणसं आदिमानव नव्हेत, दक्षिण आफ्रिकेतल्या 'सान' नावाच्या, शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या समाजातली आहेत. जनुकशास्त्र सांगतं की सानांची फांदी मानवाच्या वंशवृक्षावर फार लवकर वेगळी झाली. पण लवकर फुटलेली फांदी काही वाढायची थांबत नाही, ती आपल्याइतकीच आजची असते. ग्रुपवरच्या विद्वानांना हे कोण सांगणार!

चित्र सॅम्युएल डॅनियलचं. 1801-02 साली आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केप वसाहतीतून उत्तरेला निघालेल्या मोहिमेत तो चित्रकार होता. पुढे लंडनला त्याचा 30 चित्रांचा संच निघाला. त्यात टोळ भाजणारे सान आहेत, मोहिमेला निघालेले शस्त्रधारी सान आहेत. डॅनियल हे आडनाव आपल्याला परकं नाही. त्याचे काका थॉमस यांनी चित्रकार जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून वेरूळची लेणी छापली, तीही याच तंत्रानं: ॲक्वाटिंट.

आता माझा आवडता भाग. तांब्याच्या घासून गुळगुळीत केलेल्या पत्र्यावर राळेची बारीक भुकटी बसू द्यायची आणि पत्रा खालून तापवायचा. कण जरासे वितळून चिकटतात. मग पातळ नायट्रिक आम्ल. राळेखालचं तांबं वाचतं, कणांच्या मधलं झिजतं, आणि पत्र्यावर असंख्य सूक्ष्म खळगे तयार होतात. त्यांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची, ओला कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. खळगा जितका खोल, तितकी शाई जास्त आणि छटा गडद. म्हणून आकाशाचा भाग थोड्या वेळानं वार्निशनं झाकतात, म्हणजे तिथं आम्ल पोचत नाही; डोंगराचा नंतर, सावलीचा सगळ्यांत शेवटी. प्रत्येक झाकणीमागे छटेची एक पायरी. आम्लातून उठणारे बुडबुडे पत्र्याला चिकटले की तिथलं तांबं खायचं राहून जातं, म्हणून ते पिसानं हलवत बसायचं! म्हणजे सानांच्या त्वचेची छटा ठरते ती पत्रा आम्लात किती वेळ होता यावर. त्यावर पुन्हा जलरंग हातानं भरलेले. ते भरणारे कारागीर आफ्रिकेला गेलेले असण्याची गरजच नव्हती.

शिवाय छाप उलटा उमटतो, रबरी शिक्क्यासारखा. रेखाटन जसंच्या तसं पत्र्यावर उतरवलं, तर उजव्या हातानं बाण ओढणारा कागदावर डावखुरा होतो. सराईत कारागीर रेखाटन आधीच उलटं करून घेत. घाईतला किंवा दुसऱ्याच्या छापावरून नक्कल करणारा तेवढे कष्ट घेईलच असं नाही. त्यामुळे जुन्या चित्रातल्या एखाद्या डावखुऱ्या धनुर्धरावरून सानांविषयी सिद्धान्त मांडू नयेत. अशाच चित्रांवरून एकोणिसाव्या शतकात माणसांच्या 'पायऱ्या' लावणारं भोंदू शास्त्र चाललं होतं, तेही शास्त्राच्या नावाखाली.

कोरीवकाम सानांनाही येत होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या पठारावर डोलेराइट या कठीण अग्निजन्य खडकाचे धोंडे हवेपाण्यानं काळपट झालेत. दगडानं टोचत वरचा थर काढला की आतला फिका दगड उघडा पडतो. त्यातून इलँड हरणं उभी राहतात, तोंड ज्या दिशेला कोरलं त्याच दिशेला.