१८०० पुढचं अधिक चिन्ह

दोन संगणकांपैकी वेगवान कुठला, याचं उत्तर एका आकड्यात देऊन टाकायची खोड पीसीच्या आधीची आहे. १९७७ चं व्हॅक्स-११/७८० हे यंत्र 'एक मिप्स'चं, म्हणजे सेकंदाला दहा लाख आज्ञांचं, माप म्हणून धरलं गेलं. प्रत्यक्षात ते सेकंदाला पाचेक लाखच आज्ञा पार पाडायचं. त्या काळच्या एका मेनफ्रेमला, म्हणजे मोठ्या संगणकाला, एक मिप्सची म्हणत आणि तिच्याइतकं काम हे उरकायचं, म्हणून हेही एक मिप्सचं! पुढं १९८९ च्या वेग मोजणाऱ्या पहिल्या स्पेक चाचणीतही 'व्हॅक्सच्या किती पट' हाच हिशोब होता.

पीसीत प्रोसेसरच्या आतल्या घड्याळाचा ठोका हेच माप झालं; मेगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला दहा लाख ठोके. १९८१ मध्ये ४.७७ मेगाहर्ट्‌झ, मग ८, १६, ३३, ६६. कॅबिनेटवर वेग कमी-जास्त करणारं टर्बोचं बटण आणि शेजारी लाल आकडे. ते आकडे काहीच मोजत नसत. असेंबल करणारा मागं जंपर (छोट्या जोडपिना) लावून जो आकडा ठेवील, तो दिसायचा.

खरा गुंता १९९६ पासूनचा. १३३ मेगाहर्ट्‌झवर चालणारी सायरिक्स कंपनीची ६एक्स८६ ही चिप 'पी१६६+' या नावानं विकायला आली. म्हणजे, इंटेल या मोठ्या कंपनीच्या १६६ च्या पेन्टियमच्या तोडीची. ऑफिसच्या कामात ते खरंही होतं. पण अपूर्णांकांच्या गणितात ती कच्ची होती, आणि नेमके तेव्हाच त्रिमितीय गेम आले. त्यात ती उघडी पडली आणि अधिक चिन्हाचं नाव खराब झालं ते झालंच.

त्यामुळं ऑक्टोबर २००१ मध्ये तेच चिन्ह इंटेलची स्पर्धक एएमडी हिच्या चिपवर परत आल्यावर लोक बिथरले. त्याआधी मार्च २००० मध्ये एएमडीच्या अ‍ॅथलॉननं इंटेलच्या दोन दिवस आधी एक गिगाहर्ट्‌झ, म्हणजे हजार मेगाहर्ट्‌झ, गाठला होता. इंटेलनं त्याच नोव्हेंबरात पेन्टियम ४ काढला, तो १.४ आणि १.५ चा. पेन्टियम ३ मध्ये आज्ञा दहा टप्प्यांतून जायची, इथं वीस टप्पे केले. टप्पा लहान, म्हणून ठोका जलद. पण पुढं काय येणार याचा प्रोसेसरचा अंदाज चुकला की अर्धवट झालेलं सगळं काम टाकून पुन्हा सुरुवात. १.५ चा नवा प्रोसेसर कित्येक कामांत एक गिगाहर्ट्‌झच्या जुन्याच्या मागं पडायचा. मुंबईतल्या संगणकांच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवरच्या कोटेशनच्या कागदावर मात्र पहिली ओळ 'पी-फोर १.५' अशीच, आणि गिऱ्हाईक ती एकच ओळ वाचायचं.

अशा बाजारात १५३३ मेगाहर्ट्‌झचा अ‍ॅथलॉन एक्सपी '१८००+' म्हणून आला. १८०० कशाच्या तुलनेत? कंपनीचं उत्तर: आमच्याच जुन्या अ‍ॅथलॉनच्या. ते कुणालाच पटलं नाही. सगळ्यांनी पेन्टियम ४ शीच तुलना केली, आणि तशीच व्हावी हाच हेतू असणार. चाचण्या तपासायला एक नावाजलेली लेखापरीक्षण संस्था नेमली होती. ती पुढच्याच वर्षी भलत्याच घोटाळ्यात बुडाली, हा योगायोग. संगणक सुरू होताना पडद्यावर दिसणाऱ्या बायोसनंही मेगाहर्ट्‌झ न दाखवता मॉडेलचा क्रमांकच दाखवावा असा आग्रह होता. याला फसवणूक म्हणणारे पुष्कळ होते. मला ती तेव्हाही वाटली नाही: एका ठोक्यात जास्त काम करणाऱ्यानं ते सांगायचं तरी कसं? ३२००+ पर्यंत पोचताना आकडा थोडा फुगला होता, हे कबूल.

एक गंमत मात्र व्हायची. मदरबोर्डची बॅटरी संपली की सेटिंग पुसलं जाऊन बसचा (प्रोसेसरला बाकी संगणकाशी जोडणाऱ्या मार्गाचा) वेग १३३ चा १०० वर यायचा आणि प्रोसेसरचा ठोका त्याच्या साडेअकरा पट, म्हणून पडद्यावर उमटायचं ११५०. '१८०० सांगून ११५० दिला' म्हणत लोक कॅबिनेट काखोटीला मारून दुकानात हजर. सेटिंग बदलायला दोन मिनिटं, समजूत काढायला तासभर.

मग ठोक्याचीच हद्द आली. २००४ मध्ये पेन्टियम ४ चे टप्पे ३१ झाले, चिप तापू लागली आणि ४ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर बाजारात येण्याआधीच रद्द झाला. त्याच वर्षी इंटेलनंही मेगाहर्ट्‌झ सोडून ५५० सारखे क्रमांक घेतले. म्हणजे आधी ज्याला हसले, तेच. २००६ मध्ये इंटेलचाच २.४ चा कोअर २ डुओ ३.८ च्या पेन्टियम ४ ला सहज मागं टाकू लागला. पेन्टियम ४ च्या वेगाबद्दल दिशाभूल झाल्याचा अमेरिकेतला दावा २०१४ मध्ये तडजोडीनं मिटला; ग्राहकाला १५ डॉलर.

लॅपटॉपच्या खोक्यावर आता आकड्यापुढं अधिक नसतं, 'पर्यंत' असतं. तो वेग थोडा वेळ आणि बहुधा एक-दोन कोअरपुरताच (प्रोसेसरच्या आतल्या स्वतंत्र भागांपुरताच) मिळतो. एकाच नावाचा प्रोसेसर पातळ लॅपटॉपमध्ये १५ वॅटवर रोखलेला आणि जाडजूड लॅपटॉपमध्ये मोकळा सोडलेला असू शकतो. तो वॅटचा आकडा खोक्यावर क्वचितच छापलेला असतो.